श्रवणबेळगोळच्या दोन ओळींतील कर्ता व क्रियापद

जुना लेख हातीं आला कीं आपण प्रथम शक व नांवें शोधतों. वाक्याचा विचार मागाहून, तोहि सवड झाल्यास. हा क्रम उलटा केल्यास काय लाभतें, हें एका सर्वपरिचित लेखावरून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कर्नाटकांत हासन जिल्ह्यांत श्रवणबेळगोळ येथें सुमारें ५७ फूट उंचीची गोमटेश्वराची मूर्ति आहे. तिच्या पायांशीं नागरी लिपींत ‘श्रीचामुण्डराजें करवियलें’ व ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें’ अशा दोन ओळी कोरलेल्या आहेत.

दोहोंत क्रियापद एकच. करविणारा कोण असें विचारतां पहिल्या ओळींत चामुण्डराज व दुसरींत गंगराज असें उत्तर येतें. हे कर्ते तृतीयेंत आहेत. राजा पुल्लिंगी, क्रियापद मात्र नपुंसकलिंगी. म्हणजे तें कर्त्यामागें न जातां कर्मामागें गेलें. तेथील कानडी लेखांत याच अर्थीं ‘माडिसिदं’ हें कर्त्यास अनुसरणारें पुल्लिंगी रूप आहे. मराठी ओळ कानडीचा शब्दशः तर्जुमा नव्हे, हें एवढ्यावरून उघड होतें.

दुसऱ्या ओळींतील कर्म ‘सुत्ताले’, म्हणजे मूर्तीभोंवतालचा प्राकार. पहिलींत कर्म अध्याहृत आहे. तेथें ‘मूर्ति’ हा शब्द घेववत नाहीं, कारण मग ‘करविली’ असें हवें होतें. ‘हें’ किंवा ‘बिंब’ असेंच कांहीं घ्यावें लागतें. शिवाय क्रियापद प्रयोजक आहे. राजानें करविलें; ज्यानें छिन्नी चालविली त्याचें नांव या वाक्यांत नाहीं.

आतां कालाचा प्रश्न. गंगांचा मंत्री चामुण्डराय यानें इ. स. ९८१ च्या सुमारास मूर्ति करविली. होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापति गंगराज याचा प्राकार इ. स. १११७ च्या सुमाराचा. परंतु मूर्ति करविण्याचा कर्ता तोच ओळ कोरविण्याचा कर्ता, असें वाक्य कोठेंच म्हणत नाहीं. भूतकाळी क्रियापदावरून काम आधीं झालें, इतकेंच कळतें. दोन्ही ओळींचें अक्षरवळण सारखें असल्यानें त्या एकाच वेळीं, बाराव्या शतकांत, कोरल्या असें कित्येक अभ्यासक मानतात. तेव्हां केवळ चामुण्डराजाच्या नांवावर पहिल्या ओळीस दहाव्या शतकांत नेतां येत नाहीं.

नकला करणारांस आमची एवढीच विनंति कीं, अनुस्वार गाळूं नये. ‘राजें’चें ‘राजे’ झालें कीं तृतीया गेली, आणि तिच्याबरोबर वाक्याचा अन्वयहि गेला.