घशाच्या फवाऱ्यापासून नवरीच्या मेकअपपर्यंत

लग्नसराई आली की तालुक्याच्या गावातही पार्लरच्या बोर्डावर 'एअरब्रश मेकअप' दिसतो. दर साध्या मेकअपपेक्षा जास्त. मशीन मात्र छोटंच: पेनाएवढी गन, मागे नळी, खाली घरघरणारा कॉम्प्रेसर. हे आलं कुठून?

१८८८ साली अमेरिकेत ओहायो राज्यात डॉ. ॲलन डीव्हिलबिस यांनी घशात औषध मारायचा फवारा बनवला. पुढे त्याच नावाच्या कंपनीनं अत्तराचे फवारे केले, मग रंगाच्या स्प्रे गन. एअरब्रशचा जन्म त्याच्या थोडा आधीचा, १८७० च्या दशकातला, तोही अमेरिकेतलाच. चित्रं रंगवायला आणि फोटोंना रिटचिंग करायला तो वापरायचे.

तत्त्व सगळ्यांचं एकच. दाबाखालची हवा नोझलच्या टोकावरून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो, द्रव ओढला जातो आणि त्याचं धुकं होतं. मधली सुई मागे सरकेल तेवढा रंग सुटतो.

आता कातडीची गोष्ट. १९५० च्या दशकात सिनसिनाटीत एव्हा विटगेनस्टाइन या संशोधक आजारी मुलांना डीएचए नावाचं शर्करेसारखं द्रव्य पाजत होत्या. ते अंगावर सांडलं तिथे कातडी तपकिरी झाली, कपड्यांना मात्र डाग नाही. कातडीच्या वरच्या मृत थरातल्या अमिनो आम्लांशी त्याची अभिक्रिया होते. पाव भाजताना कवच तांबूस होतं ना, त्याच जातीची. १९६० ला त्याचं लोशन बाजारात आलं. पुढे कुणीतरी ते गनमध्ये भरलं आणि 'स्प्रे टॅन'चा धंदा उभा राहिला. गोरी माणसं पैसे मोजून सावळी व्हायला लागली. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, ते असो.

मुद्दा पुढे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९७० च्या दशकात डीएचएला परवानगी दिली ती कातडीला बाहेरून लावण्यासाठी. श्वासातून आत जाण्यासाठी किंवा डोळे, ओठ यांवर उडण्यासाठी नाही. द्रव्य तेच, पण लोशनचं धुकं झालं की प्रश्न बदलतो. म्हणून तिथे ग्राहकाला डोळे, ओठ आणि नाक झाकायला मिळणार का, हे आधी विचारून घ्या असं सांगितलं जातं.

आपल्याकडच्या मेकअपमध्ये सहसा डीएचए नसतं. पण बारीक कण नाकात जायचे ते जातातच. तेव्हा बुकिंग करताना चार गोष्टी बघा.

१. खोलीत खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन आहे का?
२. प्रत्येक ग्राहकानंतर कप रिकामा करून गन धुतात का? पाण्यातला मेकअप पाण्यानं निघतो, सिलिकॉनचा त्याच्या क्लीनरनंच.
३. सुई काढून पुसतात का? टोकावर रंग वाळला किंवा सुई वाकली की गन धुकं सोडायचं सोडून थेंब थुंकते.
४. कॉम्प्रेसरच्या ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी काढतात का?

आणि शेवटचं. नवरी त्या धुक्यात अर्धा तास बसते. गन धरणारी मुलगी अख्खी लग्नसराई तिथेच उभी असते, बहुतेक वेळा मास्कशिवाय. घशाला आराम पडावा म्हणून जन्मलेल्या फवाऱ्यानं तिचा घसा बिघडू नये. पार्लरवाल्या ताईंनो, दर वाढवताना एक पंखा आणि एक चांगला मास्क तेवढा हिशोबात धरा.