माध्यमसाक्षरता : शालेय इंग्रजी अध्यापनातील

बातमी, जाहिरात, चित्रफीत किंवा समाजमाध्यमावरील मजकूर कोणी, कोणासाठी व कोणत्या हेतूने तयार केला हे ओळखण्याची, तो पारखून घेण्याची आणि स्वतः जबाबदारीने मजकूर तयार करण्याची क्षमता म्हणजे माध्यमसाक्षरता. तिच्यासाठी वेगळा विषय न काढता ती नेहमीच्या तासांतच शिकवावी, असा एक मतप्रवाह आहे. फिनलंडमधील नऊ इयत्तांची मूलभूत शाळा हे त्याचे ठळक उदाहरण असून तेथील इंग्रजीचा तास या कामाला विशेष सोयीचा आहे.

फिनलंडचा २०१४ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम ऑगस्ट २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्यातील सात व्यापक क्षमतांपैकी ‘बहुविध साक्षरता’ ही एक असून ती सर्व विषयांच्या शिक्षकांकडे सोपवली आहे. २०२० पासून पहिलीतच परभाषा सुरू होते आणि बहुसंख्य मुले इंग्रजी घेतात. दूरचित्रवाणीवरील परदेशी मालिका तेथे मूळ आवाजात, उपशीर्षकांसह दाखवतात; त्यामुळे इंग्रजी मुलांच्या कानांवर आधीपासूनच पडलेली असते. पाठ्यपुस्तकांची सरकारी तपासणी १९९० च्या दशकाच्या आरंभीच बंद झाली. कालची बातमी आज वर्गात वाचायला घेताना शिक्षकाला कोणाचे तोंड पाहावे लागत नाही. अभ्यासक्रमातील भारदस्त शब्दांपेक्षा ही मोकळीकच जास्त कामाची म्हणावी लागेल.

लहान वर्गांत सुरुवात खेळण्यांच्या किंवा खाऊच्या जाहिरातींपासून करता येते : हे कोण विकतो आहे, चित्रातला आकार खरा आहे का? मोठ्या वर्गांत व्याकरणच हत्यार बनते. ‘पोलीस फायर्ड’ आणि ‘शॉट्स वेअर फायर्ड’ हे दोन मथळे शेजारी ठेवले, की दुसऱ्यातून गोळी झाडणारा गायब झालेला मुलांना दिसतो. ‘मे’, ‘माइट’, ‘अलेजेडली’ हे शब्द बातमीदाराने स्वतःला किती सांभाळून घेतले आहे ते सांगतात. महाराष्ट्रातील विद्यार्थी ‘चेंज द व्हॉइस’ हा प्रश्न वर्षानुवर्षे गुणांसाठी सोडवत आले आहेत. कर्ता का लपवला, हे मात्र तेथे क्वचितच विचारले जाते.

अमेरिकेतील ‘झाडावरचा ऑक्टोपस’ हे या क्षेत्रातील गाजलेले उदाहरण. १९९८ मध्ये सुरू झालेल्या एका थट्टेखोर संकेतस्थळाने वॉशिंग्टन राज्यातील पर्जन्यवनांत असा प्राणी राहतो, असे गंभीरपणे मांडले. त्याला लॅटिन नाव दिले, तो नामशेष होत असल्याची हळहळ व्यक्त केली आणि त्याच्या शत्रूंत ‘सॅसक्वाच’ या काल्पनिक वनमानवालाही बसवले. कनेक्टिकट विद्यापीठाच्या डॉनल्ड ल्यू यांच्या अभ्यासात सातवीच्या जवळजवळ सर्व मुलांनी या स्थळावर विश्वास ठेवला. मजकूर समजला नाही, अशी त्यांची अडचण नव्हती. तो नीट समजल्यामुळेच ती फसली. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग व सेरा मॅग्रू यांना पुढे आढळले, की व्यावसायिक तथ्यतपासनीस पानावर रेंगाळत नाहीत. दुसरे पान उघडून पहिल्याबद्दल इतर काय म्हणतात ते आधी पाहतात. परभाषेच्या वर्गाला ही पद्धत सोसते, कारण तीत एक अवघड उतारा पिंजत बसण्याऐवजी अनेक छोटे मजकूर चाळावे लागतात.

महाराष्ट्रात २००० पासून सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पण तिच्याभोवती प्रतिष्ठेचे वलय असल्याने छापील इंग्रजीवर शंका घेणे मुलांना, आणि पुष्कळदा शिक्षकांनाही, जड जाते. इंग्रजी कात्रण हा आपल्याकडे पुरावा मानला जातो.

फसवा मजकूर शुद्धलेखनाच्या चुकांवरून ओळखावा, ही एकेकाळची लाडकी युक्ती आता निकामी झाली आहे. यंत्रलिखित इंग्रजी निर्दोष असते, तर प्रामाणिक माणसाची अनेकदा नसते. त्यामुळे चुका शोधण्यात तरबेज असलेल्या इंग्रजीच्या शिक्षकालाच स्रोत, तारीख आणि मूळ छायाचित्र शोधण्याचे काम नव्याने शिकावे लागत आहे.