फुलीच्या टाक्याची कुळकथा

जळगाव-धुळ्याकडच्या लग्नघरी, रुखवताच्या मांडणीमागे टांगलेले, मॅटीच्या कापडावर तांबड्या दोऱ्याने भरलेले चौकोनी वळणाचे ‘सुस्वागतम्’ ज्याने पाहिले नाही असा खानदेशी माणूस विरळाच. पण त्या मंगल अक्षराचे मूळ मळक्या कपड्यांच्या हिशेबात आहे, असे म्हटले तर पुष्कळांस ते पटणार नाही. मला हा दुवा सापडला तो बिब्ब्यामुळे. सातपुड्याच्या रानात होणाऱ्या ह्या फळाला इंग्रजांनी खुणेचे बी असे नाव दिले, कारण आपले परीट त्याच्या न पुसणाऱ्या काळ्या रसाने ठिपके आणि रेघा काढून कोणता कपडा कोणत्या घरचा ते ओळखीत. आणि हेच काम युरोपात दोऱ्याची फुली करीत असे.

तिकडच्या सधन घरांत चादरी आणि मेजपोस डझनांनी असत, धुणे एकत्र निघे, आणि मालकीचा कज्जा उद्भवू नये म्हणून कापडाचे उभे-आडवे धागे मोजून प्रत्येकाच्या कोपऱ्यात घराची आद्याक्षरे फुल्यांनी भरीत. फ्रेंच भाषेत ह्या टाक्याचे एक नाव ‘खुणेचा टाका’ असेच आहे. दोरा बहुधा तांबडा, कारण मंजिष्ठेच्या कुळातील मुळांचा तो पक्का रंग उकळत्या पाण्यातही तग धरी. मुलींना ही विद्या यावी म्हणून नमुन्याच्या कापडावर वर्णमाला भरून घेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक हिच्या नावाचा १५९८ सालचा असा नमुना आहे. पुढे तेरेज द दिलमाँ हिने १८८६ साली सुईकामाचा कोश प्रसिद्ध केला आणि डी. एम. सी. ह्या दोऱ्याच्या कंपनीने अक्षरांच्या नमुन्यांच्या पुस्तिका काढल्या.

ह्या उपपत्तीला प्रतिस्पर्धी आहे, आणि तो दुबळा नाही. कशिदा हा शब्द फारसी ‘कशीदन्’, म्हणजे ओढणे, ह्या धातूपासून आला, आणि अरबी-फारसी लिपीत अक्षराची रेघ लांब ओढण्याच्या रीतीलाही कशिदाच म्हणतात; सुईचे काम आणि अक्षराचे वळण ह्यांना एकच नाव असावे, हा योग मोह पाडणारा आहे. खलिफांच्या काळी वस्त्रावरील ज्या पट्टीत राज्यकर्त्याचे नाव भरीत तिला तिराझ म्हणत, आणि फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर तर जरीकामासाठी नावाजलेले. तेव्हा खिलतीवरचे, म्हणजे मानाच्या वस्त्रावरचे, अक्षर बऱ्हाणपुराहून तापीकाठाने खाली उतरले, असे कोणी म्हटल्यास ते सहज खरे वाटेल.

परंतु मला मोडी आडवी येते. कशिद्याचे अक्षर दरबारातून आणि दफ्तरातून घरात शिरले असते तर ते मोडीत उतरावयास हवे होते, कारण दफ्तराची लिपी मोडी; धुळ्यास १९२७ साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळातील जुने कागद पाहणाऱ्यास हे निराळे सांगणे नको. शिवाय कलम शक्य तितके न उचलता वाहत जाणारे मोडीचे वळण साखळीच्या टाक्याला जणू आंदण मिळालेले. असे असूनही रुखवताच्या कापडावर मोडी अक्षर मी पाहिलेले नाही. तेथे बाळबोधच, आणि तेही पोथीतले गोलाईदार नव्हे, चौकटीत मोजून बसवलेले. कशिदा हा शब्द फारसीतून आला हे मान्य. अक्षर मात्र शाळेतून आले.

ती शाळा मुलींची. सिंथिया फरार ह्या अमेरिकन मिशनच्या बाई १८२७ साली मुंबईस व १८३९ साली अहमदनगरास आल्या, आणि अशा मिशन शाळांतून अक्षरओळख व सुईकाम हे शेजारशेजारचे पाठ झाले. नगराहून ही रीत खानदेशात शिक्षिकांबरोबर आणि लग्न होऊन आलेल्या मुलींबरोबर आली, आणि भुसावळचा लोहमार्ग झाल्यावर दोऱ्याच्या लडीही आल्या, असा माझा तर्क आहे. घरे मोजून अक्षर उतरवावयाचे असल्याने निरक्षर बाईलाही ते साधे. ज्या जळगावात बहिणाबाई चौधरींसारखी प्रतिभावती अक्षरशत्रू राहिली, तेथे तिच्या पिढीतील कित्येक हातांनी, वाचता येत नसलेले शब्द बिनचूक भरले असतील ह्याविषयी मला शंका वाटत नाही.

देवनागरीने ह्या चौकटीशी जुळवून घेतले ते पाहण्यासारखे आहे. शिरोरेखा म्हणजे फुल्यांची एक सरळ ओळ, काना म्हणजे उभी ओळ. तेवढ्यात निम्मे अक्षर झाले. खरी कसोटी ‘सु’च्या उकाराची आणि शेवटच्या म्-च्या पाय मोडण्याची, कारण तिरकी रेघ फुल्यांत आली की तिच्या पायऱ्या होतात. चौकोनी वळण आले ते ह्या अडचणीतून.

मालकीची खूण ह्या अक्षराच्या मुळाशी आहे, ह्याला रुखवतातच आणखी एक साक्षीदार हजर असतो: भांडी. त्यांवर नाव घालतात तेही टोच्याने, ठिपक्याला ठिपका जोडून. भांड्याने मालकाचे नाव सोडले नाही. भिंतीवरच्या कापडाने ते सोडून पाहुण्यांचे स्वागत पत्करले. उशीच्या अभ्र्याने ‘गुड नाईट’ घेतले. आणि हातरुमालाच्या कोपऱ्यात तेवढे जुन्या धुण्याच्या यादीतले आद्याक्षर तसेच राहिले.