शालेय ग्रंथालयांमधील सहकार्य : एक ऐतिहासिक आढावा
(पेडणे तालुक्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

कुरआनच्या अवतरणाचा आरंभ ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’, या शब्दाने झाला. परंतु वाचण्यासाठी पुस्तक हाताशी असावे लागते, आणि प्रत्येक शाळेला हवी ती सर्व पुस्तके विकत घेणे कधीच शक्य नसते. म्हणूनच ग्रंथालयांच्या इतिहासात ‘किती पुस्तके आहेत’ या प्रश्नाइतकाच ‘ती दुसऱ्याला कशी मिळतात’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

गोव्याच्या उत्तर सीमेवरील पेडणे तालुक्यात मोपा हे गाव आहे. तेथील पठारावरच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाली. दूरच्या शहरांशी गाव जोडले गेले. शेजारच्या दोन शाळांची कपाटे एकमेकांशी जोडण्याचे काम त्या मानाने किती सोपे! तरीही ते का होत नाही, हे इतिहासाच्या आधारे पाहणे उद्बोधक ठरेल.

विश्वासाची परंपरा

तेराव्या शतकाच्या आरंभी भूगोलकार याकूत अल्-हमवी मध्य आशियातील मर्व शहरात राहिला होता. तेथील दहा ग्रंथालयांचे त्याने वर्णन केले आहे. यांतील बहुतेक संग्रह वक्फ केलेले होते. त्याच्या घरी एका वेळी दोनशेच्या आसपास ग्रंथ असत, आणि त्यांतील बहुतेकांसाठी तारण घेतलेले नव्हते, असे तो सांगतो. पुढे १२२१ मध्ये मंगोल आक्रमणात मर्व उद्ध्वस्त झाले. या ग्रंथालयांची थोरवी ग्रंथसंख्येत होती, तशीच ती वाचकावर टाकलेल्या विश्वासातही होती.

बडोद्याची पेटी

हाच विचार सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी बडोदे संस्थानात शासकीय पातळीवर राबविला. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू झाले. शाळा सोडल्यावर मुले पुन्हा निरक्षर होऊ नयेत, यासाठी ग्रंथालये आवश्यक ठरली. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करण्यात आले आणि त्यानंतर फिरत्या ग्रंथालयांची पद्धत सुरू झाली. पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी गावी जाई, ठराविक मुदतीने परत येई आणि तिच्या जागी दुसरी पेटी येई. ने-आणीचा खर्च संस्थान सोसत असे. गावाला फक्त एक जबाबदार माणूस द्यावा लागे.

या व्यवस्थेत तीन गोष्टी ठरलेल्या होत्या : पुस्तकांची यादी, वाहतुकीचा खर्च आणि जबाबदारी. यंत्र त्यात एकही नव्हते.

संकुलाची कल्पना

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. पुढे दयानंद बांदोडकर यांच्या शासनकाळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. याच सुमारास, १९६४ ते १९६६ या काळात, कोठारी आयोगाने ‘शाळासंकुला’ची कल्पना मांडली. एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळा गुंफाव्यात आणि साधनसामग्री सर्वांनी मिळून वापरावी, असा तिचा आशय होता. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले होते. ही कल्पना बव्हंशी कागदावरच राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीच पुन्हा पुढे आणली आहे.

जाळ्यांचा काळ

संगणक आल्यावर सहकार्याला वेग आला. अमेरिकेत १९६७ मध्ये ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी सामायिक तालिकीकरणाची संस्था स्थापन केली. एका ग्रंथालयाने पुस्तकाची नोंद केली की इतरांना तीच वापरता येऊ लागली. भारतात १९८८ मध्ये दिल्लीत ‘डेलनेट’ सुरू झाले, १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘इन्फ्लिबनेट’चा आरंभ केला, आणि १९९० च्या दशकात मुंबई व पुणे येथेही ग्रंथालयांची जाळी उभी राहिली. २०१० मध्ये ‘एन-लिस्ट’मुळे महाविद्यालयांना ई-नियतकालिके मिळू लागली.

या सर्व प्रयत्नांचा भर विद्यापीठे, संशोधनसंस्था व महाविद्यालये यांच्यावर राहिला. दुसरीकडे, महाराष्ट्राचा १९६७ चा आणि गोव्याचा १९९३ चा ग्रंथालय कायदा सार्वजनिक ग्रंथालयांसाठी होता. शालेय ग्रंथालय शिक्षण खात्याकडे राहिले. म्हणजे शाळेचे कपाट दोन्ही वाटांच्या मध्येच राहून गेले. पेडण्यात तर राज्याची सीमाही आड येते. हा तालुका १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे जाण्यापूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यात होता. पलीकडच्या सिंधुदुर्गात मराठी वाचक आहे, मराठी पुस्तके आहेत, परंतु व्यवस्था वेगळी आहे.

हरवलेल्या पुस्तकाची भीती

पुस्तके कुलपात राहण्याचे मोठे कारण आर्थिक नसून मानसिक आहे. पुस्तक हरवले तर त्याची भरपाई आपल्याला करावी लागेल, ही शिक्षकाची भीती. याबाबत केंद्र शासनाच्या २००५ च्या सामान्य वित्तीय नियमांतील तरतूद लक्षात घेण्यासारखी आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या वा त्यांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे त्यात वाजवी मानले आहे. अर्थात त्यामागे अप्रामाणिकपणा वा हलगर्जीपणा नसावा. २०१७ च्या नियमांतही ही तरतूद कायम आहे. हे नियम शाळांना आपोआप लागू होत नाहीत, परंतु शिक्षणसंस्थांना तसा ठराव करण्यास कोणती अडचण आहे?

निष्कर्ष

पटसंख्या घटल्याने गोव्यातील अनेक सरकारी प्राथमिक शाळा बंद झाल्या आहेत. बंद शाळेतील पुस्तकांचे काय होते, हा प्रश्न मराठी व उर्दू या दोन्ही भाषांच्या दृष्टीने गंभीर आहे. एखादे जुने बालमासिक वा उर्दू कायदा रद्दीत गेला, तर तो पुन्हा मिळेलच असे नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांनी येथे पुढाकार घ्यावा. महाविद्यालयाने परिसरातील पाच-सहा शाळांच्या पुस्तकांची एक संयुक्त यादी करावी. २००० मध्ये न्यूझीलंडमध्ये तयार झालेली ‘कोहा’ ही संगणकप्रणाली विनामूल्य असून तिच्यात देवनागरी व उर्दू दोन्ही लिप्यांत नोंदी करता येतात. संगणक नसेल तर साधी वहीही चालेल. महिन्यातून एकदा एक पेटी एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावी आणि अल्प हानी संस्थेने सोसावी. मर्वपासून बडोद्यापर्यंतच्या अनुभवाचे सार हेच आहे की सहकार्य यादी, वाहतूक आणि विश्वास यांवर उभे राहते. यांतील पहिल्या दोन गोष्टींना पैसा थोडाच लागतो आणि तिसरीला मुळीच लागत नाही.