सगळंच घडतं, तर मग शक्यता कशाची?

मागच्या एपिसोडनंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच्या वडिलांना बेड मिळायला उशीर झाला, आणि ते गेले. त्याने एवढंच विचारलं, "दादा, समांतर विश्वं खरी असतील तर एखाद्या विश्वात बाबांना बेड वेळेत मिळाला असेल ना?"

पटकन हो किंवा नाही म्हणणं मला जमलं नाही. म्हणून आज ही कल्पना मुळात आली कुठून, ते बघू.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ती जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत भेटली असेल. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, मराठे जिंकले, आणि इतिहास वेगळ्याच वाटेने गेला. भन्नाट कथा! पण त्यामागचं भौतिकशास्त्र सुरू झालं अमेरिकेत, प्रिन्स्टनच्या हॉस्टेलवर. १९५४ साल. ह्यू एव्हरेट नावाचा पीएचडीचा विद्यार्थी मित्रांसोबत शेरी पीत गप्पा मारत बसला होता. विषय होता क्वांटम मेकॅनिक्सचा विचित्रपणा.

विचित्रपणा असा. श्रोडिंगरचं समीकरण सगळ्या शक्यता एकत्र पुढे नेतं. इलेक्ट्रॉन इथेही, तिथेही. पण मोजायला गेलात की एकच उत्तर मिळतं. मग बाकीच्या शक्यता गेल्या कुठे? पुस्तकं सांगायची, मोजमाप झालं की तरंग कोसळतो. कधी, कसा, ते समीकरणात नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर चांगल्या कोडमध्ये कुणीतरी गुपचूप एक इफ-एल्स घुसवलाय. एव्हरेटने तो काढून टाकला. तो म्हणाला, समीकरण कायम चालू राहू दे, आणि मोजणारा माणूसही त्यातच धरा. म्हणजे एक मोजणारा 'इथे' बघतो आणि दुसरा 'तिथे'. दोघंही तितकेच खरे.

आता खरी गोची. समजा इथे सापडण्याची शक्यता ९० टक्के आणि तिथे १० टक्के. पण दोन्ही घडणारच असेल, तर ९० टक्के म्हणजे नक्की काय? फांद्या मोजल्या तर दोनच, म्हणजे फिफ्टी-फिफ्टी. प्रयोगशाळेत मात्र ९०-१० च येतं. मॅक्स बॉर्नने १९२६ मध्येच नियम दिला होता की तरंगाच्या आकड्याचा वर्ग म्हणजे शक्यता. एव्हरेटने तोच वर्ग फांदीचं 'वजन' मानला आणि दाखवलं की प्रयोग पुन्हा पुन्हा केला तर जवळजवळ सगळं वजन अशा फांद्यांत जातं, जिथल्या माणसाला ९०-१० च दिसतं. ठीक. पण वजनाला 'शक्यता' का म्हणायचं? १९९९ मध्ये डेव्हिड डॉइचने पैजेच्या बाजूने उत्तर काढलं, की शहाणा माणूस पैज लावताना हाच हिशोब धरेल. मला ते अर्धंच पटतं. भांडण अजून मिटलेलं नाही.

एव्हरेटचे गाइड जॉन व्हीलर १९५६ मध्ये प्रबंध घेऊन कोपनहेगनला नील्स बोरकडे गेले. तिथे कुणाला पटला नाही. शेवटी बराच कापून-छाटून तो १९५७ मध्ये छापला गेला. तोवर एव्हरेट पेंटागॉनमध्ये नोकरीला लागला होता. तिथे काम काय, तर अणुयुद्ध झालं आणि किरणोत्सर्गी धूळ पसरली तर किती माणसं मरतील, याचा हिशोब! १९५९ मध्ये तो स्वतः बोरला भेटून आला, काही उपयोग झाला नाही. १९७० मध्ये ब्राइस डेविटने 'फिजिक्स टुडे'त लेख लिहिला, तेव्हा कुठे जगाला त्याचं नाव कळलं.

आता त्या मेसेजकडे. बेड न मिळणं म्हणजे एका इलेक्ट्रॉनचा छापा-काटा नव्हे. त्यात फोन, ॲम्ब्युलन्स, ऑक्सिजन, रांगा, सगळंच आलं. तरीही एव्हरेट बरोबर असेल तर वेगळं घडलेली फांदी असू शकते. तिचं वजन किती, हे कुणी काढून देऊ शकत नाही. आणि गिटसारखं इथे मर्ज नाही. फांद्या एकदा नीट वेगळ्या झाल्या की तिकडून निरोप येत नाही. मुख्य म्हणजे मित्रा, त्या गणितात तुझी फांदी कच्ची किंवा डमी नाही. तिकडे बाबा असतीलही, पण म्हणून इकडचं दुःख पोकळ ठरत नाही. तू रडलास ते बरोबरच.

एव्हरेट १९८२ मध्ये ५१ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. १९ वर्षांच्या मार्कला, त्याच्या मुलाला, तो घरात मृत सापडला. बाप घरात असूनही फारसा बोलायचा नाही. मार्क पुढे 'ईल्स' बँडचा गायक झाला, आणि २००७ च्या बीबीसी माहितीपटात वडिलांचं काम समजून घ्यायला निघाला. एव्हरेटची १९७७ ची एक टेप आहे. घरी पार्टी चालू आहे आणि एव्हरेट जुन्या मित्राशी त्या शेरीच्या रात्रीबद्दल बोलतोय. मागून धडाधड ड्रम ऐकू येतात. पोरगा मार्क आतल्या खोलीत वाजवतोय.