बॉण्डमधून सुटलेले कॉम्प्युटर

ऑफिसातला जुना कॉम्प्युटर उचलून शाळेला देणं, यात अवघड काय? पण एके काळी हे चक्क कस्टमचं प्रकरण होतं.

१९९१ मध्ये केंद्र सरकारनं सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया, म्हणजे एसटीपीआय, सुरू केली. आपल्या छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा एमआयडीसीत तिचं केंद्र आहे. या योजनेत सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्या कंपन्यांना परदेशातून कॉम्प्युटर आणताना ड्युटी माफ. पण २०१६ पर्यंत मशीन 'बॉण्डेड' जागेतच ठेवावं लागायचं. बाहेर काढायचं तर आधी ड्युटीचा हिशेब चुकता करा!

आता गंमत बघा. दोन-तीन वर्षांत मशीन आपल्या कामाला जुनं होतं, शाळेतल्या पोरांना मात्र ते नवंकोरंच. देणारा तयार, घेणारा तयार, आणि मधे कस्टम. इन्फोसिसनं जानेवारी १९९९ मध्ये शाळांना वापरलेले कॉम्प्युटर द्यायचा उपक्रम काढला, तेव्हा त्यांनाही सरकारच्या सीमाशुल्क मंडळाकडे परवानगी मागावी लागली.

३१ मार्च २००३ च्या कस्टम अधिसूचनेत (क्रमांक ५२) मात्र हे स्वच्छ लिहिलेलं आहे. आणून दोन वर्षं वापरलेला कॉम्प्युटर ड्युटी न भरता दान करता येतो. कुणाला? मान्यताप्राप्त बिगर-व्यावसायिक शिक्षणसंस्था, नोंदणीकृत धर्मादाय रुग्णालयं, सार्वजनिक वाचनालयं, सरकारी संस्था वगैरे.

मला त्यातली 'दोन वर्षं' फार आवडतात. दोन वर्षांचं मशीन म्हणजे दान. दहा वर्षांचं म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या गळ्यात.

आज अडथळा वेगळा आहे, डेटाच्या भीतीचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, म्हणून धडधाकट मशीन्सही बाद ठरतात. मग डिस्कसकट सगळं भंगारात! अहो, डिस्क नीट पुसता येते. तेही नको असेल तर ती काढून घ्या, छोटी एसएसडी टाका, वर लिनक्स. वाचनालयाचं काम आरामात चालतं. आणि जे खरंच चालत नाही, ते शाळेला नको, नोंदणीकृत रिसायकलरला द्या.

तेव्हा मंडळी, सोमवारी तुमच्या अ‍ॅडमिनवाल्याला एवढंच विचारा: यंदाच्या राइट-ऑफच्या यादीत चालू मशीन्स किती आहेत? यादीवर सही झाल्यावर विचारून उपयोग नाही.