बंडी, हँडल आणि एबीएस

अमरावतीहून अचलपूर-परतवाड्याला थेट आगगाडी कधी गेलीच नाही. कापसासाठी टाकलेली नॅरोगेज, म्हणजे लोकांची शकुंतला, मुर्तिजापुराहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला गेली. अमरावती बाजूलाच राहिली. साहजिकच या दोन गावांमधला सगळा भार सडकेवर पडला. त्या सडकेवर शहर मागे टाकल्यावर दहाएक किलोमीटरवर पेढी नदीकाठी वलगाव लागते. परतवाडा आणि पुढे चिखलदरा इकडूनच, दर्यापूरचा रस्ताही इथूनच फुटतो. कापूस, संत्री, लग्नाच्या जीपगाड्या, पावसाळ्यात ढग पाहायला निघालेली हौशी मंडळी, सगळे एकाच डांबरावर. वऱ्हाडात मोटार हाकण्याची रीत कशी घडली ते पाहायला ही सडक पुरेशी आहे.

मोटार आली तेव्हा रस्ता बंडीचा होता. काळ्या मातीत पावसाळ्याचे चार महिने बंडीसुद्धा आखापर्यंत रुते. उन्हाळ्यात मुरमाची सडक असली तरी चाकाच्या लोखंडी धावेने तिच्यावर खोल चाकोऱ्या पडत. बैल चालणार तासाला तीन-चार किलोमीटर. धुरकरी पहाटे बाजाराला निघाला की कासरा सैल सोडून डुलकी काढी, आणि रस्ता पाठ असलेले बैल त्याला बरोबर नेऊन पोचवत. स्वतःहून चालणारी गाडी वऱ्हाडाला नवी नव्हती, एवढेच म्हणायचे. अशा रस्त्यावर फटफट आवाज करणारे, धूळ उडवणारे यंत्र समोरून आले की बैल बिथरत, जू मोडत, बंडी शेतात जाई.

कायदा करणाऱ्यांना याची कल्पना होती. हिंदुस्थानचा पहिला देशव्यापी मोटार कायदा १९१४ सालचा. अठरा वर्षांखालच्या मुलाने सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवू नये, परवाना हवा, गाडीची नोंदणी हवी, ही आजची ओळखीची कलमे त्यात होतीच. पण त्यात एक कलम खास त्या काळाच्या रस्त्याचे होते: जनावर घेऊन चाललेल्या माणसाला आपले जनावर मोटारीला बुजेल असे वाटले आणि त्याने हात केला, तर मोटारवाल्याने गाडी थांबवायची आणि गरज असेल तोवर थांबवून ठेवायची. हुकूम देण्याचा अधिकार शिपायाला होता तसाच बंडीवाल्या कास्तकारालाही होता. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचे. १९०२च्या करारानुसार वर्षाला पंचवीस लाख रुपये भाड्याने इंग्रजांकडे कायमचे आलेले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपोआप लागत नसे, तो वेगळ्या अधिसूचनेने लावावा लागे. बैलाला अर्थात या घटनात्मक भानगडीशी देणेघेणे नव्हते.

हे कलम जुनाट म्हणून कधीच निघून गेले असेल असे वाटते. तसे झाले नाही. १९३९च्या कायद्यातून ते १९८८च्या कायद्यात आले आणि आजही कलम १३२ मध्ये आहे. जनावर अनावर होईल अशी भीती वाटून त्याच्या मालकाने थांबायला सांगितले, तर मोटार थांबवणे आजही बंधनकारक आहे. परवान्याची परीक्षा दिलेल्या किती जणांनी हे वाचले असेल, हा प्रश्न विचारून कोणाला अडचणीत आणण्यात अर्थ नाही.

त्या काळी मोटार चालवणे हे खरोखरच दोन्ही हातापायांचे काम होते. जगात सर्वांत जास्त खपलेली तेव्हाची गाडी म्हणजे फोर्डची मॉडेल टी, १९०८ ते १९२७. तिला तीन पेडल होती, पण आजच्या माणसाने त्यात बसून ती चालवायला घेतली तर पहिल्याच फाट्यावर गोंधळ होईल. डावे पेडल पूर्ण दाबले की कमी वेगाचा गिअर, सोडले की जास्त वेगाचा, मध्ये धरले की न्यूट्रल. मधले पेडल मागे जाण्याचे. ब्रेक उजवीकडे. ॲक्सिलरेटर पायाशी नव्हताच. तो स्टिअरिंगखालच्या दांडीवर, बोटाने ओढायचा. दुसऱ्या बाजूच्या दांडीने ठिणगी लवकर पडावी की उशिरा, ते ठरवायचे. पेट्रोल टाकीतून उताराने इंजिनात यायचे, त्यामुळे टाकीत थोडेच उरले असेल आणि चढ मोठा असेल तर इंजिन उपाशी पडे. मग ड्रायव्हर गाडी फिरवून उलटी, मागच्या मागे चढवत नेत.

आणि सुरू करताना हँडल. ठिणगीची दांडी मागे घ्यायला विसरले तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडे. म्हणून उस्तादाचा पहिला धडा अंगठ्याचा असे: अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि हँडल खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही. बटणावर सुरू होणारी मोटार १९१२ साली कॅडिलॅकने आणली होती. पण आपल्याकडच्या जीप आणि ॲम्बेसेडर पुढे कित्येक दशके हँडल जवळ बाळगून होत्या. बॅटरी बसली की तेच कामी येई.

१९३९चा मोटार कायदा आणि त्यापाठोपाठ निघालेले मध्य प्रांत व वऱ्हाडचे १९४०चे मोटार नियम यांनी चालवण्याला रीतसर चौकट दिली. रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाला इजा झाली तर त्याच्यासाठी विमा काढलेला असणे १९४६पासून सक्तीचे झाले. प्रवासी मोटारींचा धंदा मात्र वेगळ्या वळणावर गेला. १९४७ साली प्रांताने कायदा दुरुस्त करून सगळी प्रवासी वाहतूक सरकारच्या हाती घेण्याची वाट मोकळी केली. खासगी मोटारमालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५५ साली भिकाजी नारायण धाकरस यांच्या नावाने निकाल लागला. घटनेशी विसंगत जुना कायदा मरत नाही, फक्त झाकोळला जातो, हे तत्त्व विधी महाविद्यालयातला प्रत्येक विद्यार्थी ज्या खटल्यातून शिकतो, तो खटला आपल्या या मोटारवाल्यांचा.

पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ला, विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. मोटारीचे नियम नागपूरऐवजी मुंबईहून यायचे ठरले. त्याच वर्षी २० डिसेंबरला, अमरावतीकडे मोटारीने नेत असताना वलगावला पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. शेंडगावचा हा माणूस हयातभर खराटा घेऊन पायी गावे झाडत हिंडला, आणि त्याची अखेर मोटारीत झाली. वलगावात त्यांची निर्वाणभूमी आहे.

१९६१ साली राज्य परिवहन महामंडळ एकत्र झाले आणि विदर्भातली प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस त्यात विलीन झाली. या काळातल्या ड्रायव्हरची खरी विद्या म्हणजे डबल क्लच. जुन्या गिअरबॉक्समध्ये दात जुळवून देणारी सोय नसे. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाला थोडी रेस, परत क्लच, मग गिअर. चुकले की आख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा करकराट. किन्नर म्हणून गाडी पुसत राहिलेला पोऱ्या वर्षानुवर्षे ड्रायव्हरचा पाय पाहून हे शिके. पुस्तक नव्हते, शाळाही नव्हती. उताराला गाडी न्यूट्रल करून, इंजिनही बंद करून पेट्रोल वाचवायचे, ही वाईट खोडसुद्धा त्याच परंपरेतून आली. इंजिन बंद केले की आजच्या गाडीत ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पॉवर स्टिअरिंग दगडासारखे जड होते. जुन्या जीपमध्ये मुळात मदतच नसल्यामुळे फरक कळत नसे.

मग काळी-पिवळीचा जमाना आला. एसटी जिथे वेळेवर नाही तिथे जीप, ट्रॅक्स, सुमो. आतमध्ये दाटीवाटी, मागे लटकलेले, आणि कहर म्हणजे ड्रायव्हरच्याही उजव्या हाताला एक प्रवासी. ड्रायव्हर अर्ध्या सीटवर तिरका बसून, गिअरची दांडी दुसऱ्याच्या गुडघ्यांमधून शोधत गाडी हाणायचा. त्याचे कौशल्य नाकारता येत नाही. पण आरशात पाहायला त्याची मानच वळत नव्हती, आणि असे पाहून शिकलेली एक पिढी पुढे स्वतःच्या गाडीत डावा आरसा मिटून ठेवू लागली.

इशाऱ्यांचेही तसेच. १९८९च्या रस्ता नियमांत हाताने द्यायच्या खुणा नीट लिहून ठेवल्या होत्या. सडकेने आपली वेगळी भाषा केली. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर ‘मी उजवीकडे वळतो’ असाही अर्थ होतो आणि ‘जा पुढे, रस्ता मोकळा आहे’ असाही. परतवाडा रस्त्यासारख्या जागी, जिथे उजवीकडे दर थोड्या अंतराने शेतात उतरणारी पांदण असते, तिथे या दोन अर्थांच्या मध्ये माणसे मेली आहेत. चारही दिवे लुकलुकवत पावसात गाडी हाकणे हा त्याचाच नवा अवतार: ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत, आणि ते लागले असताना वळण्याचा इशारा देताच येत नाही. ट्रकमागचे ‘हॉर्न ओके प्लीज’ मात्र महाराष्ट्राने २०१५ साली हुकूम काढून बंद केले.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मोटार मास्तर, डॉक्टर, कास्तकार यांच्या दारात उभी राहू लागली. ड्रायव्हर ठेवण्याऐवजी मालकच चालवू लागला. आता शिकायला मोटार ड्रायव्हिंग स्कूल, आणि शिक्षकाच्याही पायाशी ब्रेक-क्लच असलेली गाडी. नियमानुसार परवान्याच्या परीक्षेत उतारावर झटकन खालचा गिअर टाकणे आणि चढावर हँडब्रेक लावून, गाडी मागे न सरकवता पुन्हा निघणे या दोन्ही गोष्टी करून दाखवायच्या असतात. वलगावच्या सपाटीवर शिकलेल्याची या दोन्ही बाबतीतली खरी परीक्षा परतवाड्यापुढच्या घाटात होते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटरवर, रस्ता वळणांचा, पावसात धुके. जुन्या ड्रायव्हरांचा हिशेब साधा: ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे. रविवारी संध्याकाळी उतारावरच्या गाड्यांचा जो जळका वास येतो तो हा हिशेब न मांडणाऱ्यांचा. ब्रेक सतत दाबून ठेवला की अस्तर तापते, पकड सुटते. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांची आणखी एक गंमत: दांडीवरची ‘एल’, ‘२’ किंवा ‘एम’ ही अक्षरे याच उतारासाठी असतात, पण गाडी घेतल्यापासून त्यांना कोणी हात लावलेला नसतो. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हाही नियमच आहे, मेहेरबानी नव्हे.

२०१९ हे वर्ष यंत्राच्या बाजूने मोठे. सगळ्या नव्या मोटारींना एप्रिलपासून एबीएस आणि जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, पट्ट्याची आठवण करून देणारा आवाज, ताशी ८० किलोमीटरला सूचना आणि १२०ला सतत ओरड सक्तीची झाली. एबीएसचे महत्त्व वऱ्हाडाइतके कोणाला कळावे! जूनमध्ये ट्रॅक्टर शेतातून निघतो आणि चाकाला चिकटलेल्या काळ्या मातीचे ढेकूळ डांबरावर सांडत जातो. वर दोन सरी पडल्या की रस्ता तेल ओतल्यासारखा. जुने ड्रायव्हर अशा जागी ब्रेक थोडा थोडा, सोडून-सोडून मारत, कारण चाक अडकले तर गाडी फिरे. एबीएस हेच काम सेकंदात अनेकदा स्वतः करते. ड्रायव्हरने फक्त पेडल जोरात दाबून धरायचे आणि स्टिअरिंग वळवून अडथळा चुकवायचा. पण दाबल्यावर पायाखाली पेडल थरथरते, खडखडते. काहीतरी मोडले असे वाटून माणूस पाय उचलतो, आणि पैसे देऊन घेतलेली सोय नेमक्या क्षणी निकामी होते. सैल मुरमावर किंवा खडीवर हेच एबीएस थांबण्याचे अंतर थोडे वाढवते, हेही लक्षात ठेवायला हवे.

पट्ट्याची कथा जास्त खेदाची. व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी तीन टोकांचा पट्टा १९५९ साली तयार केला. आपल्याकडे तो पुढच्या सीटवर रुळायला कित्येक दशके गेली आणि मागच्या सीटवर अजून रुळायचा आहे. २०१४ साली केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत आणि २०२२ साली उद्योगपती सायरस मिस्त्री पालघरमध्ये मोटार अपघातात गेले. दोघेही मागे बसले होते, दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर चर्चा झाली, दंड झाले. तरी पट्ट्याचा आवाज बंद पाडायला नुसती क्लिप खोचण्याची युक्ती एवढी खपत होती की २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांमधून अशा क्लिपांच्या १३,११८ जाहिराती काढायला लावल्या. पट्टा नसेल तर फुगणारी एअरबॅगच पुढे झेपावलेल्या माणसावर आदळते. पुढच्या सीटवर मांडीत नातू घेऊन बसलेल्या आजोबांना हे कोणीतरी सांगायला हवे.

सडकाही बदलल्या. २०२२च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून गिनीज विक्रम झाला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. अमरावती जिल्ह्याच्या दक्षिण टोकातून जाणाऱ्या त्या काँक्रीटवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. १ जुलै २०२३ला सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, २५ जण गेले. त्या वर्षी परिवहन विभागाने प्रवेशनाक्यांवर टायर तपासायला आणि वेग मोडणाऱ्यांना बसवून समुपदेशन करायला घेतले.

टायरबाबत वऱ्हाडात एक गैरसमज घट्ट आहे: उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून मे महिन्यात थोडी कमीच भरावी. अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा हे पटण्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, त्या दबण्याने तो आतून तापतो आणि फुटतो. नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. हवा सकाळी, गाडी फार न चालवता, टायर थंड असताना मोजायची. किती भरायची तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, आणि भरल्या गाडीसाठी त्याच्या शेजारी दुसरा.